लिफ्टची जागा

माझ्या आजाराच्या हिशोबाने मी आता म्हातारी आहे. पंचविशीच्या पुढचं काही धरून चालू नका, असं एका मोठ्या डॉक्टरांनी आईबाबांना सांगितलं होतं, आणि ती पंचविशी मागे पडूनही बरीच वर्षं झाली. तेव्हा आठवणी लिहायचा हक्क मला वयाआधीच मिळाला असं मी समजते; केस काळे आहेत म्हणून कुणी हसू नये. माझे हात कुणीतरी उचलून टेबलावर ठेवावे लागतात. उजव्या हाताची दोन बोटं अजून माझं ऐकतात, बाकीचं मी फोनला बोलून दाखवते, तो लिहितो आणि मी त्याच्या चुका काढते. हे सगळं चौथ्या मजल्यावर बसून चाललं आहे. पण मला जे सांगायचं आहे ते जमिनीपासून दीड फुटावर घडलं.

दीड फूट ही आमच्या जुन्या घराच्या ओट्याची उंची. तळवलीत तेव्हा आमचं बैठं, कौलारू घर होतं, पुढे शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा, आणि ओट्याला लागूनच एक चहाची टपरी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून वळून ट्रेलरवाले टपरीवर यायचे, गाडी लांब लावून. सकाळ व्हायची ती टपरीच्या स्टोव्हच्या फरफरीने आणि मासेवालीच्या हाळीने. मग देवळातला स्पीकर, मग नळाला पाणी आल्यावर हंड्यांची आदळआपट. आई चुलीवर सुके बोंबील भाजायची तेव्हा अर्ध्या आळीला कळायचं की मंदाकडे आज काय आहे. आमच्याकडे गॅस होता, पण बोंबील आणि भाकरी चुलीवरच, हा तिचा कायदा. त्या धुरात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत आणि नंतर चाकाच्या खुर्चीत बसून, मी जगाकडे बघत असायची. ओट्याला बाबांनी एका बाजूला सिमेंटचा उतार करून दिला होता. त्या उतारावरून मी स्वतः, कुणाला हाक न मारता, रस्त्यावर जाऊ शकत होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा थाट.

शाळा त्याआधीच सुटली होती. सोडली म्हणा किंवा सोडवली म्हणा. माझा वर्ग वरच्या मजल्यावर गेला आणि मी खालीच राहिले, एवढी ती साधी गोष्ट. काही महिने आईने मला कडेवर नेलं. दहा-अकरा वर्षांची घोडी आईच्या कडेवर बघून पोरं काय म्हणत असतील ते म्हणत. मग एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी आईला बसवून, पाणी देऊन, फार गोड आवाजात सांगितलं की आम्ही मुलीच्या भल्याचंच बोलतोय. आमच्या भल्याचं बोलणारी माणसं पुढेही खूप भेटली. त्यांचा आवाज नेहमी असाच गोड असतो, आणि पाणी ती आठवणीने देतात.

शबानाखाला आणि तहसीन आम्हाला भेटल्या फिजिओथेरपीच्या रांगेत. तहसीन माझ्याच वयाची. ती बोलत नसे, म्हणजे शब्द नसत. घशातून एक लांब गुणगुण काढायची, आणि ती नाराज आहे की खूश हे त्या गुणगुणीच्या चढउतारावरून ओळखायचं. त्या दिवशी ती दवाखान्याच्या फरशीवर आडवी पडली होती, सगळी रांग तिच्याकडे बघत होती, आणि शबानाखाला ओढणीने घाम पुसत ‘सॉरी, सॉरी’ करत होत्या. आईने आमचा डबा उघडला आणि तांदळाची भाकरी तिच्यासमोर धरली. तहसीनने ती घेतली, नाकाला लावली, बराच वेळ वास घेतला आणि उठून बसली. तेव्हापासून दोन्ही घरांचं जमलं.

खाला मूळच्या जासईच्या. त्यांचे मिस्टर पोर्टच्या कामावर, कधी द्रोणागिरीच्या गोदामात, कधी चार-चार दिवस बाहेर. खाला स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होत्या, पण तहसीन तीन शाळांमधून पळाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि घणसोलीच्या फ्लॅटमध्ये दोघी कोंडून राहिल्या. अशाच आईबापांच्या कुठल्याशा ग्रुपवर त्यांनी वाचलं की मुलांना शाळेत न घालताही वाढवतात, मुलांना जे हवं ते मुलं शिकतात. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी ते बाबांना समजावलं तो दिवस मला लख्ख आठवतो.

“मंजे आपन काय करायचं?” बाबांनी विचारलं.

“काय नाय करायचं, दादा. तेच तर आहे. आपण फक्त मधे नाय यायचं.”

“काय नाय करायचं तं आमाला चांगलं येतं,” बाबा म्हणाले आणि चहा मागवला. झालं. आमच्या शिक्षणसंस्थेचं उद्घाटन ते एवढंच.

खाला रोज सकाळी तहसीनला घेऊन यायच्या. आणखी एक-दोन मुलं अधूनमधून यायची, टिकली नाहीत. त्यांच्या घरच्यांना दर आठवड्याला काहीतरी दाखवायला हवं असायचं, आणि आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी दिवसभर प्रश्न विचारायची. टपरीवर आलेल्या ड्रायव्हरला, कुठून आलात, वाटेत काय लागतं, तिथे काय पिकतं, नदी कुठे ओलांडली. ही माणसं बायकोशी बोलत नसतील एवढं माझ्याशी बोलायची. पंगू पोरीला कुणी नाही म्हणत नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेतला. ते सांगतील तसं मी लांब काठीला खडू बांधून ओट्याच्या फरशीवर काढत जायची. तळवली एका कोपऱ्यात, मग खाडी, मग पनवेल, मग घाट, मग खाली कर्नाटक, वर गुजरात, कच्छमधलं मीठ, राजस्थानातलं दगडाचं गाव जिथल्या ड्रायव्हरला मुलगी झाली होती आणि तो तिला बघायला जाऊ शकला नव्हता. खडू पुसला की पुन्हा काढायचा. आई फरशी पुसताना नकाशाच्या कडेकडेने पुसायची, त्यामुळे आमच्या ओट्याचा मधला भाग कायम मळका आणि आईची जाऊ कायम नाराज. पुढे मी खरा नकाशा पाहिला तेव्हा माझं गुजरात फार मोठं झालेलं आढळलं. तिकडचे ड्रायव्हर जास्त बोलके होते.

तहसीनचं वेगळं होतं. तिने आल्या दिवसापासून एकच जागा धरली, चुलीजवळची. आधी ती पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची. खाला धावत यायच्या, आणि आई म्हणायची, “करू दे गो तिला. पीठ काय पलून जातं?” मग ती बघायला लागली. आई आधणात मीठ टाकते, पीठ सोडते, झाकण ठेवते, उकड परातीत काढते, पाण्याचा हात लावून मळते, गोळा घेऊन थापते. थाप, थाप, थाप, आणि मधे परात फिरवायची तेव्हा एक पोकळी. तहसीन रोज हे बघायची. कुणी तिला ‘तू कर’ म्हटलं नाही, कुणी हात धरून शिकवलं नाही. एक सबंध वर्ष आणि वर काही महिने तिने फक्त बघितलं. मधूनच मांडीवर तळव्याने तीच लय वाजवायची, पोकळीसकट. बाबांना ते बघून हसू यायचं. ते म्हणायचे, मोठी परीक्षा देनार बग ही.

एका सकाळी नळाला पाणी आलं म्हणून आई मळलेली उकड तशीच टाकून हंडे घेऊन पळाली. परत आली तर तव्यावर भाकरी होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी, पण गोल. तहसीन चुलीपुढे बसून तिच्याकडे बघत होती, आणि आईने वर्षभर केलं तसंच, पाण्याचा हात भाकरीवरून फिरवत होती. आईच्या कमरेवर हंडा होता. तो तिने खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसली. मी ओट्यावरून विचारत होते काय झालं, काय झालं. मग तिने फोन करून खालांना बोलावलं, खाला त्या दिवशी बाजारात गेल्या होत्या, त्या पिशव्या घेऊन तशाच आल्या. भाकरी तोवर गार झाली होती. सुकटीच्या चटणीबरोबर दोघींनी ती अर्धी-अर्धी खाल्ली, आणि तहसीनने दुसरी थापायला घेतली. त्या दिवशी तिची गुणगुण जी लागली होती, तशी मी परत कधी ऐकली नाही.

आता कुणीकुणी मुलाखत घ्यायला आल्यासारखे फोन करतात आणि विचारतात, शाळेशिवाय शिकणं यशस्वी होतं का हो? आमचं शिकणं फसलं नाही. आमची जागा गेली. हा फरक मला तेव्हा नीट सांगता आला नसता, आणि आज सांगता येतो तर ऐकायला माणूस नाही.

जागा घालवली ती बाबांनी, आणि निव्वळ मायेपोटी. हे लिहिताना राग येतो का? येतो. पण राग ठेवायचा कुणावर, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. बाबांची शेती त्यांच्या वडिलांच्या वेळेलाच नव्या शहराच्या नोडाखाली गेली होती. हातात उरलेलं ते गावठाणातलं घर आणि पुढचं अंगण. आजूबाजूला एकेक बैठं घर पाडून चार-चार मजले चढत होते, आणि माझ्याबद्दल डॉक्टर जे म्हणाले होते ते बाबांच्या डोक्यात भुंग्यासारखं बसलं होतं. एकदा जेवताना ते आईला म्हणाले, “डाक्टर चुकला आनि पोर जगली तं? आपन गेल्यावर हिला कोन बगंल? मानूस मानसाला बगत नाय, मंदा. भारं बगंल तिला.” भाडं माझी काळजी घेईल. मी भात चिवडत ऐकत होते. मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांनी ‘डॉक्टर चुकला’ म्हटलं याचाच आनंद झाला.

आई म्हणाली, “आनि ओटा?”

“ओटा काय घेऊन बसलीस? खाली एक गाला पोरांचा. कायमचा. आनि हिच्यासाठी लिफ्ट. सगल्या आलीत पयली लिफ्ट आपली.”

घर पाडलं तेव्हा माझा नकाशा फरशीसकट गेला. मी रडले नाही, कारण मला लिफ्ट मिळणार होती. आम्ही काकांच्या चाळीत राहायला गेलो आणि बांधकाम सुरू झालं. आमच्याकडची बांधकामं कशी होतात हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटणार नाही. सणाला जोडून शनिवार-रविवार आला, सरकारी कचेऱ्या सलग बंद राहिल्या, की गावात मिक्सर घरघरायला लागतात. तोडायला येणारी माणसं सुट्टीवर, तोवर स्लॅब पडून घ्यायचा. परवानगी वगैरे मागाहून. आधी कळस मग पाया म्हणतात ते आम्ही अक्षरशः करून दाखवतो. आणि त्यात आमचं फार चुकतं असं मला आजही म्हणवत नाही. आमच्याच गावात आम्हाला खोली वाढवायची तर कागद मागतात, आणि तो कागद कुणालाच मिळत नाही. घरं झाली, मग पाणी आलं, मग वीज आली, मग घरपट्टीही आली. प्रत्येक गोष्ट आधी केली आणि मग मानून घेतली गेली. बाबांना वाटलं, लिफ्टचंही तसंच.

शेवटच्या स्लॅबच्या दिवशी मला खुर्चीसकट चौघांनी वर नेलं. नारळ फोडला, आणि पहिलं घमेलं माझ्या हातून पडलं पाहिजे असा बाबांचा हट्ट. माझे हात तेव्हा तेवढे चालत. बाबांनी खालून घमेल्याला आधार दिला, मी तिरपं केलं, माल सळईवर पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली कामगारांसाठी मटण आणि भाकऱ्या होत्या. तहसीन काकांच्या चुलीवर आईच्या जोडीने थापत होती आणि कामगार दोघींच्या भाकऱ्यांतला फरक ओळखत नव्हते. परत खाली आणल्यावर बाबांनी मला तळमजल्यावरच्या एका चौकोनी पोकळीत नेलं आणि वर बघायला सांगितलं. चारही मजल्यांतून आरपार भोक ठेवलं होतं, आणि टोकाला आभाळाचा एक तुकडा दिसत होता. “हितून तुजी लिफ्ट,” ते म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा सिमेंटने पांढरा झाला होता. एवढं सुंदर मला कुणी काही दाखवलं नव्हतं.

मालक सगळ्यात वर राहतो, ही आमच्याकडची रीत. खाली दुकानं, मधे भाडेकरू, वर मालक आणि गच्ची. वर हवा, वर मान. बाबांना ही रीत मोडायचं सुचलंही नाही, आणि तळमजल्याचं भाडं सगळ्यात चांगलं. राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर घेऊन जिना चढला. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या भोकाला प्लायवूड ठोकलं होतं, आणि प्रत्येक प्लायवूडपाशी थांबून, धापा टाकत, ते म्हणायचे, “म्हयना-दोन म्हयने.”

लिफ्टवाला आला. जागा मापली, खुर्ची मापली, सगळं बरोबर होतं. मग त्याने बिल्डिंगचे कागद मागितले.

“शेठ, लायसन काढायचं कशावर? कागदावर तर ही बिल्डिंगच नाही.”

“पानी आलं, लाईट आली,” बाबा म्हणाले. “लिफ्टच का नाय येनार?”

“पाण्यात माणूस अडकत नाय शेठ. इन्स्पेक्शन लागतं. उद्या काय झालं तर मी आत जाईन.”

बाबांनी आणखी दोघा-तिघांना आणलं. सगळ्यांनी जागा मापली, सगळ्यांनी चहा घेतला, आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. पहिले काही महिने बाबा मला दर रविवारी खांद्यावरून खाली न्यायचे. मग माझा कणा वाकायला लागला, छातीत श्वास मावेना, आणि डॉक्टर म्हणाले अशी उचलाउचल केली तर हाड मोडेल किंवा दम तुटेल. बाबांच्या पाठीनेही त्याच सुमारास हार मानली. शेवटच्या खेपेला मी खाली कशासाठी गेले होते ते मला आठवत नाही. शेवटची आहे हे माहीत असतं तर आठवणीने बघून घेतलं असतं.

पोरांसाठीचा गाळा बाबांनी शब्दाप्रमाणे ठेवला होता. खाला तहसीनला घेऊन यायच्या, शटर उघडून बसायच्या. पण मी वर, आणि मला एकटीला सोडता येत नाही म्हणून आई वर, आणि चूल तर कुठेच नाही. तहसीनने जिना चढावा म्हणून खालांनी काय नाही केलं. आमचा जिना उघडा आहे, पायऱ्यांच्या फटीतून खालचं दिसतं. ती पहिल्या पायरीवर बसायची आणि कानांवर हात दाबून धरायची. मी खाली येऊ शकत नव्हते, ती वर येऊ शकत नव्हती. मधे फक्त चार मजले होते, आणि ते माझ्यासाठी बांधले होते.

रिकामा गाळा फार दिवस रिकामा राहत नाही. बाबांनी तो एका क्लासवाल्या सरांना दिला, दहावीचे क्लासेस. देताना ते खालांना म्हणाले, “वापर नाय होत ना गो. झाला की परत घेऊ.” खाला म्हणाल्या, “तुमी पोरांचा म्हणाला होता, दादा.”

तरीही त्या येत राहिल्या, कारण तहसीनला सकाळी तळवलीलाच यायचं असे, दुसरीकडे नेलं तर ती रस्त्यात बसायची. ती लिफ्टच्या तळाशी, त्या चौकोनी पोकळीत जाऊन बसायला लागली. आणि एका सकाळी माझ्या खोलीशेजारच्या प्लायवूडमागून आवाज आला. थाप, थाप, थाप, आणि मधे पोकळी. ती खाली बसून तळव्यांनी भिंत थापत होती आणि लिफ्टच्या रिकाम्या भोकातून ते सरळ माझ्या कानाशी येत होतं. माझ्या हातात स्टीलचा पेला होता. मी प्लायवूडवर तसंच वाजवलं. खालची गुणगुण एकदम चढली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, ऐकत उभी राहिली, आणि मग परात घेऊन तिथेच भिंतीशी बसून थापायला लागली. आमची शाळा परत भरली होती. मी ड्रायव्हरांनी सांगितलेल्या गोष्टी प्लायवूडच्या फटीतून खाली सांगायची, तहसीन ऐकायची की नाही देव जाणे, पण मी गप्प झाले की खालून थाप यायची. पावसाळाभर हे चाललं. मला वाटायला लागलं होतं की यावरही भागेल, माणूस एवढ्यावरही जगेल.

क्लासवाल्या सरांची तक्रार आली. मुलांचं लक्ष लागत नाही, पालक विचारतात ही कोण मुलगी, असले आवाज का काढते. शिवाय पोकळीत लिफ्टसाठी मागाहून खणलेल्या खड्ड्यात पाणी साचायचं. बाबा वर येऊन माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, “पोरगी परली खड्ड्यात तं? कोन जबाबदार?” यात खोटं काही नव्हतं. बाबांच्या प्रत्येक बोलण्यात खरं असायचं, तीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी, तहसीन यायच्या आत, त्यांनी उरलेल्या विटा घेऊन तळमजल्यावरचं तोंड स्वतःच्या हातांनी बांधून काढलं. गवंडी बोलावला नाही. मी वर बसून थापी विटेवर घासल्याचा आवाज ऐकत होते. तो हळूहळू दबका होत गेला आणि मग आलाच नाही. आईने त्या दिवशी त्यांना ताट वाढलं, पण वाढताना आणि नंतर कित्येक दिवस ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

तहसीन त्या भिंतीशी येऊन काही दिवस उभी राहिली असं मला नंतर कळलं. मग ती हाताला चावायला लागली. मग एका दुपारी खालांचा डोळा लागला आणि ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या मधोमध सापडली, दोन्ही बाजूंना ट्रेलर थांबलेले. खाला चार मजले चढून मला सांगायला आल्या की घाटावर एक संस्था आहे, राहायची सोय आहे, लोक चांगले वाटले. “मी एकटी आहे गं, वैशू. दोन डोळे कुठं कुठं पुरतील?” मी त्यांना म्हटलं, तुम्ही बरोबर करताय. दुसरं काय म्हणणार होते? चौथ्या मजल्यावरून मी कुणाला धरून ठेवणार होते?

मधली वर्षं मी सांगत नाही, सांगण्यासारखी नाहीत. लिफ्टच्या भोकात मजल्यामजल्यावर छोटे स्लॅब पडले आणि भाडेकरूंना त्यात अडगळीच्या खोल्या मिळाल्या. आता म्हणे ही घरं सरकारी कागदावर कायम होणार आहेत, आणि बाबा म्हणतात मग लिफ्टचं बघू. त्यांचे स्वतःचे गुडघे गेले आहेत, तेही महिन्यातून एखाद्याच वेळी खाली जातात. बापलेक दोघं गच्चीच्या दाराशी बसतो. भाडं मात्र वेळेवर येतं. त्यांनी म्हटल्याप्रमाणे ते मला बघतं आहे.

आणि मग तहसीन आली. संस्थेतून कायमची घरी आणली होती, खालांचा फोन होता की भेटवायला आणते. आईने सकाळपासून आधण ठेवायची तयारी केली, चूल नाही म्हणून गॅसवर, पण तीच जुनी परात काढून घासली. मी खुर्ची प्लायवूडच्या जागी जी भिंत आहे तिच्याजवळ घ्यायला लावली, का ते सांगितलं नाही. जिन्यात पावलं ऐकू आली. एकसारखी, न थांबता, आणि ती दारात उभी होती. तहसीन जिना चढून आली होती. ज्या गोष्टीसाठी मी एके काळी देवाला नवस बोलले होते ती झाली होती. ती स्थूल झाली होती, केस अगदी आखूड कापलेले. खालांनी हळूच पाठीला बोट लावलं तशी ती पुढे आली, दाखवलेल्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत, स्पष्ट शब्दांत म्हणाली, “नमस्ते. माझं नाव तहसीन. मी ठीक आहे.”

तिचा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “शिकली हो पोर. केवरी सुधारली.”

आईने परात तिच्यासमोर आणून ठेवली. उकडीला वाफ येत होती. तहसीनने परातीकडे बघितलं, मग खालांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि खाला घाईघाईने म्हणाल्या, “घे ना बेटा, घे, काय नाय होत.” तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. आईने एक गोळा घेऊन थापायला सुरुवात केली, एक भाकरी पुरी केली, दुसरी घेतली. तहसीन बसून होती. गुणगुण नव्हती. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “मी ठीक आहे,” आणि मला कळलं की तिला घरी जायचं आहे. मी तिच्याशी कच्छच्या मिठाबद्दल बोलायला सुरुवात केली होती, ते वाक्य मी अर्धंच सोडलं.

निघताना ती सरळ उठली आणि कठडा धरून जिना उतरायला लागली. मी भिंतीला कान लावून ऐकत राहिले. एक मजला, दुसरा, तिसरा. तळमजल्यावर, बाबांनी बांधलेल्या विटांपाशी, पावलं थांबली. आईने फिरती परात हाताने धरून आवाज बंद केला. तीही ऐकत होती. मग खालून खालांचा आवाज आला, “चप्पल नीट घाल,” आणि पावलं पुन्हा सुरू झाली, आणि रस्त्यावरच्या गाड्यांत मिसळून गेली.